गॉथिक देऊळ व त्याचे धिरे

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिली समितीने मला देवळाच्या बांधणीसंबंधी चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. त्याचे कारण आपणा सर्वांस विदित आहेच. ज्युबिलीच्या स्मरणार्थ आपल्या या साध्या कौलारू देवळास मुंबईच्या देवळांसारखे दर्शनी रूप द्यावे, पुढील भिंतीवर टोकदार कमानी काढाव्यात आणि त्यांवर एक उंच मनोरा चढवावा, अशी सूचना पुढे आली आहे. ही सूचना करणारी मंडळी बहुतेक तरुण आहेत. नोकरीधंद्यानिमित्त ती डहाणू रोडहून गाडीने मुंबईस जातात, तेथील भव्य ख्रिस्तमंदिरे पाहतात, आणि परत आल्यावर आपले देऊळ त्यांना फार ठेंगणे वाटू लागते. त्यांच्या या खंतीचा मी उपहास करणार नाही. देवाचे घर आपल्या घराहून सुंदर असावे ही इच्छा भाविक मनास शोभणारीच आहे. तथापि ज्या देवळांचे रूप आपण घेऊ पाहतो, ती देवळे उभी कशी राहतात हे आधी समजून घ्यावे आणि मग निर्णय करावा, एवढीच माझी विनंती आहे.

या बांधणीस गॉथिक म्हणतात. ती मूळची युरोपातील मध्ययुगाची. पण मुंबईत आपण जी पाहतो ती बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडात तिचे जे पुनरुज्जीवन झाले त्याची संतती होय. आपल्या प्रांतातील तिचा एक फार जुना व शुद्ध नमुना कुलाब्यास आहे. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. खरे नाव संत योहान शुभवर्तमानकार यांचे. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हे. ते अँग्लिकन बांधवांनी पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधले. ४ डिसेंबर १८४७ रोजी त्याची कोनशिला बसविली गेली व ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेस समर्पित झाले. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तरीही मनोरा अपुराच होता; तो १८६५ साली पुरा झाला. आराखडा हेन्री कॉनिबीअर या इंजिनियराचा. मुंबईस ज्या विहार तलावाचे पाणी मिळाले, त्याचे कामही याच गृहस्थाने पाहिले. पाण्याचा दाब जाणणारा मनुष्य दगडाचा दाबही जाणतो, असे मला हे वाचताना वाटले.

त्या देवळाच्या आत जाऊन उभे राहिले असता प्रथम नजर वर जाते. मधले दालन उंच, दोहो बाजूंस खांबांच्या ओळी, त्यांच्यापलीकडे आपल्या घराच्या पडव्यांप्रमाणे दोन ठेंगणी दालने, आणि टोकाशी पूर्वेस वेदीचा गाभारा व रंगीत काचांची खिडकी. भिंतींवर संगमरवरी पाट्यांवर मृतांची नावे आहेत. ज्या गवंड्यांनी व पाथरवटांनी हे दगड घडविले, त्यांची नावे मला तेथे आढळली नाहीत. आपल्या देवळाच्या पायासाठी डोक्यावरून दगड वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावेही कोठे कोरलेली नाहीत. त्यांची नातवंडे मात्र आज येथे पुढे बसली आहेत.

आता मुख्य गोष्ट. कमान म्हणजे काय? दोन मुलांना समोरासमोर उभे करा, एकमेकांच्या तळहातांवर हात टेकवून पुढे रेलावयास सांगा. दोघेही पडत नाहीत, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या भाराने उभा आहे. पण त्यांच्या पायांकडे पाहा. पाय मागे सरकू पाहतात. खाली गुळगुळीत फरशी असेल तर दोघेही तोंडावर पडतील. पायामागे कोणी दगड ठेवला तर वाटेल तितका वेळ उभे राहतील. कमानीचे असेच आहे. तिच्या माथ्यावरचा भार सरळ खाली येत नाही, तो दोहो बाजूंस बाहेर ढकलतो. भिंत या ढकलण्यास पुरी पडली नाही तर ती बाहेर कलते, कमान फाकते आणि मधला दगड खाली येतो.

जुनी रोमन कमान अर्धवर्तुळाकार होती. तिची उंची रुंदीच्या निम्मी, त्यात फेरफार करता येत नसे. आणि तिचा बाहेरचा रेटाही मोठा, म्हणून भिंती किल्ल्यासारख्या जाड कराव्या लागत. गॉथिक कारागिरांनी कमानीला वर टोक काढले. टोकामुळे ती हवी तितकी उंच करता आली, आणि ती जितकी उभट तितका तिचा बाहेरचा रेटा कमी झाला. उरलेला रेटा त्यांनी सगळ्या भिंतीवर न टाकता ठराविक ठिकाणी गोळा केला, व तेथे भिंतीच्या बाहेरून दगडाचे भक्कम धिरे उभे केले. मग दोन धिऱ्यांमधील भिंतीस फारसे काम उरले नाही. तेथे मोठमोठ्या खिडक्या निघाल्या, त्यांत रंगीत काचा बसल्या. आपण ज्या प्रकाशाची वाखाणणी करतो तो प्रकाश त्या धिऱ्यांमुळे आत आला. धिऱ्याच्या माथ्यावर दगडी सुळके असतात. पाहणारास ती नक्षी वाटते. वास्तविक ते वजन असते. वरून दाबल्याने कमानीचा तिरपा रेटा खाली जमिनीकडे वळतो. शेतातील माणूस मेढीच्या बुडाशी दगड रचतो; त्याने माथ्यावरही ठेवला असता तर तोही असाच उपयोगी पडला असता.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की गॉथिक बांधणीचे सौंदर्य तिच्या भार वाहण्यात आहे. इंग्लंडातील पुनरुज्जीवनाचा मोठा पुरस्कर्ता ऑगस्टस पुजिन हा १८३५ साली आपल्या कॅथलिक धर्मसभेत आला व १८५२ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मरण पावला. १८३६ व १८४१ या साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्याने हाच मुद्दा लावून धरला. इमारतीस ज्याची गरज नाही असे काहीही तीत असू नये, आणि शोभा करावयाची ती गरजेच्या भागालाच करावी, असे त्याचे मत होते. पत्र्याला दगडाचा रंग देणे, गिलाव्यात खोट्या कमानी ओढणे, यांस तो लबाडी म्हणे, आणि देवळात लबाडी नसावी असा त्याचा आग्रह असे. याच गृहस्थास वर्तुळाकार कमानीची व स्तंभांची देवळे मूर्तिपूजकांच्या घाटाची वाटत. त्याचे ऐकले असते तर पोर्तुगीजांनी वसईत बांधलेली सारी देवळे, ज्यांत आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळच्या मंडळींचा बाप्तिस्मा झाला, ती बाद ठरली असती! एवढा उत्साह बरा नव्हे. धर्मसभेने कोणतीच एक शैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले आहे. प्रत्येक काळाची व प्रत्येक लोकांची कला तिला चालते. ती पवित्र विधीस साजेशी मात्र असली पाहिजे.

आपल्या पंथाचे गॉथिक देऊळ पाहावयाचे तर कुलाब्यातच होली नेम कॅथेड्रल आहे. ते १९०५ साली पुरे झाले, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर. पण घडण त्याच परंपरेची. शिल्पकार डब्ल्यू. ए. चेंबर्स. पुढे दोन मनोरे, आत टोकदार कमानींचे छत, आणि भिंतींवर व छतावर येशूसंघी बंधू अंतोनियो मोस्केनी या इटालियन चित्रकाराची चित्रे. हाच बंधू त्याआधी मंगळूरच्या संत अलॉयशियस विद्यालयाच्या देवळात रंगकाम करून आला होता. मुंबईचे काम झाल्यावर तो कोचीनला गेला आणि १९०५ सालीच तेथे वारला. मुंबईस गेलात तर ते देऊळ अवश्य पाहा, आणि केवळ समोरून नव्हे. बाजूच्या गल्लीत शिरून भिंतीस बाहेरून काय धरून ठेवले आहे तेही पाहा. माझ्या मते कोणतेही गॉथिक देऊळ बाहेरून, बाजूने पाहिल्यावरच कळते. समोरचा भाग यजमानासारखा असतो, तो सर्वांशी गोड बोलतो.

आता आपल्या भूमीकडे येतो.

डहाणूच्या खाडीवर पोर्तुगीजांचा किल्ला होता. १७३९ साली हा मुलूख मराठ्यांनी घेतला. त्या काळापासून आजतागायत येथे वादळे झाली, दुष्काळ पडले, पण जमीन हलल्याची चिंता कोणी करीत नसे. नोव्हेंबर २०१८ पासून ती चिंता आपल्या घरात आली. धुंदलवाडीच्या आसपास धक्के बसू लागले, आणि डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांत लोक रात्री अंगणात निजू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले; त्यांतला मोठा चार अंशांहून किंचित अधिक होता. त्या घाईत पळताना पडून एका लहानग्या बालिकेचा अंत झाला. सरकारने तंबू दिले; हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली. पुढेही धक्के येत राहिले. जमिनीखालून तोफेसारखा आवाज येतो आणि मग कौले खडखडतात, हे मी आपणास सांगावयास नको.

त्या दिवसांत काही जण मला विचारीत, की फादर, हा आपल्या पापांचा दंड आहे काय? शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, त्यांच्याविषयी प्रभूला काय वाटले ते लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काढून वाचा. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती असे प्रभू मानीत नाही. पश्चात्ताप सर्वांनीच करावयाचा आहे. मी एवढेच जोडीन, की बुरूज कोणी व कसा बांधला होता, हा प्रश्न बांधणाऱ्यांनी स्वतःस विचारावयाचा असतो.

याविषयी एक उदाहरण देतो. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपण पाहिला असेल. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराने केला. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नाही. याच स्कॉटने न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराच्या अँग्लिकन कॅथेड्रलचाही आराखडा केला. तो देश भूकंपाचा. म्हणून प्रथम लाकडी बांधणीचा विचार होता. परंतु पुढे जवळच चांगला दगड सापडला आणि दगडी देऊळ करावयाचे ठरले. १८६४ साली पाया घातला, १८८१ साली देऊळ समर्पित झाले, आणि महिन्याच्या आत धक्का बसून मनोऱ्याच्या टोकाचा दगड निसटला. १८८८ साली मनोऱ्याचा वरचा भागच पडला. तो पुन्हा दगडात बांधला. १९०१ साली पुन्हा पडला. तेव्हा कोठे शहाणपण आले व टोक लाकडाचे करून त्यावर तांब्याचा पत्रा चढविला. पण खालचा मनोरा दगडीच होता. २२ फेब्रुवारी २०११ रोजी मोठा भूकंप झाला. शहरात एकूण १८५ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्या मनोऱ्याचे टोक व वरचा भाग कोसळला. त्याच दिवशी तेथील आपल्या कॅथलिक कॅथेड्रलचे पुढचे दोन्ही मनोरेही ढासळले. ते देऊळ पुढे पाडावे लागले.

त्यानंतर अँग्लिकन बांधवांनी तात्पुरते देऊळ बांधले, ते शिगेरू बान या जपानी शिल्पकाराच्या आराखड्यावरून, जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकूड व पोलाद यांचे. ते २०१३ साली उघडले. पुठ्ठ्याचे देऊळ ऐकून आपणास हसू येईल. मला मात्र ते वाचून येथील एका वृद्ध वारली बांधवाचे शब्द आठवले. धक्क्यांच्या दिवसांत मी त्याच्या पाड्यावर गेलो होतो. पक्की घरे सोडून लोक बाहेर बसले होते आणि हा गृहस्थ आपल्या कारवीच्या कुडाच्या घरात स्वस्थ निजला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "फादर, कूड हालतो, पडत नाय." कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेली ती भिंत हलकी असते, लवचीक असते, पडली तरी माणूस तिच्याखाली चिरडत नाही. तीच कुडाची भिंत आमच्या सवाशिणी लग्नात गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने तीवर चौक लिहितात. भार वाहणाऱ्या भिंतीलाच शोभा करणे हे येथील बायांना कोणत्याही इंग्रज ग्रंथकाराने शिकविलेले नव्हते.

याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस काय झाले ते आपण ऐकले आहे. तेथील भिंती दोन-दोन हात जाड होत्या. पण दगडांचा एक थर आत, एक बाहेर, मध्ये मातीचे भरताड, आणि दोन्ही थरांस एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत. वर मातीचे जड धाबे. धक्का बसताच थर सुटले आणि छप्पर निजलेल्यांवर आले. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली.

आपले देऊळ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. काळ्या दगडाच्या भिंती आहेत, त्या पुष्कळ ठिकाणी मातीतच रचलेल्या आहेत. छप्पर मात्र हलके, सागाच्या कैच्या व मंगळुरी कौले. (ही कौले मंगळूरला बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नामक जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली कारखान्यात पाडावयास आरंभ केला, व्हिक्टोरियन काळाची ती देणगी आपण डोक्यावर वागवितो आणि आपणास ठाऊकही नसते.) वेदीच्या डाव्या कोपऱ्यात उभा तडा गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर गिलावा केला, रंगही दिला. तो पुन्हा दिसू लागला. आणि आपली घंटा पुढच्या त्रिकोणी भिंतीच्या अगदी माथ्यावर, दाराच्या बरोबर वर, टांगलेली आहे. जमीन हलली म्हणजे माणसे ज्या दारातून बाहेर धावतील त्याच दारावर!

अशा भिंतीवर सिमेंटचा मनोरा चढविणे म्हणजे रेललेल्या मुलाच्या खांद्यावर तांदळाची गोणी देण्यासारखे आहे. मला सांगण्यात आले की मनोरा आतून पोकळ व काँक्रीटचा असेल, त्याचा भार फार नसेल. पण हा भार घेण्यास खाली काय आहे? दर्शनी टोकदार कमानी तर कोणताच भार वाहणार नाहीत. त्या गिलाव्यात काढलेल्या रेघा असतील. दुरून पाहणारास आपले देऊळ कुलाब्याच्या देवळासारखे दिसेल, आणि कुलाब्याच्या देवळास जे खरोखर उभे ठेवते तेवढेच नेमके आपल्यापाशी नसेल.

वर्गणी कोणाची आहे हेही आपण विसरू नये. ती चिकूच्या वाडीत रोजावर जाणाऱ्यांची आहे, भातकापणीस परगावी जाणाऱ्यांची आहे. त्यातला प्रत्येक रुपया दोनदा मोजून दिलेला आहे.

म्हणून माझे मत असे. गॉथिक देवळापासून घ्यावयाचे तर धिरे घ्यावेत. जाणत्या इंजिनियराकडून भिंतींची पाहणी करवावी. त्याने सांगितल्यास लांब भिंतींस बाहेरून धिरे द्यावेत. चारही कोपरे एकमेकांत नीट बांधून घ्यावेत. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या देवळाभोवती काँक्रीटचा एक सलग पट्टा फिरवावा, म्हणजे चारही भिंती एकमेकींचा हात धरून हलतील. कैच्या भिंतीवर नुसत्या टेकल्या आहेत, त्या बोल्टांनी जखडाव्यात; कौले तारेने रिपांस बांधावीत. दारे आत उघडतात, ती बाहेर उघडतील अशी करावीत. या कामास फार पैसाही लागणार नाही. धिरे झाले तर ते झाकू नयेत. पाहुण्यांस ते दिसू द्यावेत, आणि गिलाव्यावर आमच्या भगिनींनी हवे तर आपला चौक लिहावा. मला वाटते पुजिनलाही तो पसंत पडला असता, जरी त्याने आधी पुष्कळ कुरकूर केली असती.

तरुण मंडळींस मनोऱ्याची हौस आहे, ती अगदीच मोडू नये असे मला वाटते. घंटा भिंतीवरून खाली उतरवून देवळापासून दूर, आवारात, सागाच्या खांबांच्या चौकटीवर टांगावी. ती चौकट हवी तितकी देखणी करा, वर क्रूस बसवा. घंटेचा आवाज पाड्यापाड्यांत पोहोचण्यास तेवढी उंची पुरेशी आहे. दोन खांब देण्याचे एका कुटुंबाने कबूल केले आहे; उरलेल्या दोहोंची तजवीज व्हावयाची आहे. इंजिनियर पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर येणार आहेत. ज्यांनी हे देऊळ बांधताना पाहिले, किंवा पाया कसा भरला होता ते वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यांनी त्या वेळी कृपा करून थांबावे. भिंतीच्या पोटात काय आहे ते त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही.